धार तुटली होती

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमत नाही. लातूरचे आमचे मुकादम गेले तेव्हा त्यांना धुणाऱ्या तिघांत मी होतो. धुताना माझ्या मनात काय होतं ते लिहून ठेवतो. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मारूनमुटकून. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, नाहीतर घेऊ नये.

आधी आम्ही कोण ते सांगतो, कारण नांदेडात ते कुणालाच कळत नाही. आम्ही इस्राएल. लोक ज्यू म्हणतात, यहुदी म्हणतात. माझा बाप कोकणातून रेल्वेच्या नोकरीत आला आणि नांदेडच्या क्वार्टरात राहिला. मीही पुढं रुळांवर गँगमन झालो. गँगमधले मला विचारायचे, "तू नेमका कोण रे? डुक्कर खात न्हाईस, मेलेल्याची माती करता, मग मुसलमान का?" मुसलमान शेजारी म्हणायचा, "हमारे में नहीं आते ये." एक ख्रिस्ती फिटर होता, तो म्हणायचा, "तुम्हीच आमच्या देवाला मारलं." मी म्हणायचो, "मी त्या दिवशी ड्यूटीवर होतो." लोक हसायचे आणि विसरायचे. आई होती तोवर शुक्रवारी संध्याकाळी तेलाचा दिवा लागायचा. आई गेली, दिवा गेला. मग मी कुणाचाच नव्हतो. त्याचं मला दुःखही नव्हतं, हे खरं सांगतो. माहीतच नसेल तर दुःख कशाचं?

लग्न लातूरच्या मुलीशी झालं. सासरा सुतार होता. त्याच्या दुकानावर माडीची एक खोली होती, तिथं लातूर, औसा, उदगीर इकडची आमची चार-दोन घरं शनिवारी, आमच्या शब्बाथच्या पवित्र दिवशी, जमायची. आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. पूर्वी जमायचे, मग एकेक घर इस्राएल देशात निघून गेलं. लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी बायकोनं मला ढकलतच जिना चढवला. वर नऊ जण बसले होते, कधीचे कोण जाणे. मी दारात दिसलो तसा एक म्हातारा ओरडला, "आला! आला दहावा!" आणि सगळे उठून उभे राहिले. तोवर माझी वाट कुणी बघितली नव्हती. ड्यूटीवर उशीर झाला की गँगचा मेट शिव्या देत बघायचा, तेवढीच. त्या दिवसानंतर मी सुट्टी पडेल तेव्हा लातूरला जात राहिलो. पुस्तकातलं हिब्रू वाचता येत नव्हतं. दुसऱ्यांचे आवाज ऐकून ऐकून पाठ झालं.

मुकादम म्हणजे आमच्या जमातीचा कारभारी. कोण गेलं, कोण जन्मलं, सणाला काय करायचं, सगळं त्याच्या हातात. आमच्या मुकादमाचं कापडाचं दुकान होतं, आवाज मोठा होता आणि प्रार्थनेचं पुस्तक तोंडपाठ होतं. मी पुस्तक हातात घेतलं की तो मुद्दाम मान वाकडी करून बघायचा. "रेल्वेवाले, पुस्तक उलटं धरलंय की ओ. का इंजिन उलटं लागलंय?" सगळे हसायचे. मीही हसायचो. चीड यायची, पण दहावा मी होतो. मला काढून टाकता येत नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

माझ्या बायकोला मात्र तो कधी काही बोलला नाही. तिची त्याला गरज होती. आमच्यात मेलेल्या माणसाला जमातीनं स्वतः धुवायचं असतं, बाईला बायांनी, पुरुषाला पुरुषांनी. बायांमधे हे काम हिचं. फोन आला की ही पहाटेची बस धरायची, पांढरी साडी पिशवीत घालून. औशाला गेली, उदगीरला गेली, लातूरला तर किती वेळा. परत आली की हात धुऊन भाकरी थापायला बसायची. एकदा मी विचारलं, "काय करता एवढं तिथं?" तर म्हणाली, "आधी कोमट पाण्यानं पुसायचं. तोंड झाकलेलं. उपडं करायचं न्हाई, अंगावरून कुणी काही द्यायचं-घ्यायचं न्हाई, गप्पा मारायच्या न्हाईत. मग तीन बादल्यांची धार. पहिली संपायच्या आत दुसरीची धार लागली पाहिजे, दुसरी संपायच्या आत तिसरीची. मधी तुटली की पुन्हा पहिल्यापासून."

"तुटली तर काय होतं?"

"होत काय न्हाई. पुन्हा करायचं असतं."

"अन् पाणीच नसलं तर?"

"मग आणायचं. तुमचं डोकं कुठं कुठं जातं ओ!"

ती गेली एका शुक्रवारी पहाटे, उन्हाळ्यात. छातीत दुखतंय म्हणाली, मी रिक्षा आणायला खाली उतरलो, रिक्षा घेऊन आलो तोवर संपलं होतं. मी मुकादमाला फोन केला.

"मुकादम, ही गेली."

"अरे देवा. कवा?"

"आत्ताच. पहाटं."

तो म्हणाला, "आज शुक्रवार हाय."

"मला वार कळतो."

"तसं न्हाई ओ. दिवस मावळला की शब्बाथ लागतो, मग माती करता येत न्हाई. अन् उन्हाळा हाय, रविवारपतोर कुठं ठेवता? तुम्ही असं करा, तिथंच धुवा अन् सरळ इकडं कब्रस्तानात आणा. इथं नळाला पाणी येऊन आठ दिस झाले. बाया शब्बाथच्या स्वयंपाकाला लागल्यात."

"इथं कोण धुणार? नांदेडात आपली एक बाई न्हाई. तुमच्या लातूरच्या समद्या बाया हिनं धुतल्या, मुकादम. तुमच्या आईला हिनं धुतलं."

"बगा की कुणी शेजारीण-पाजारीण. वेळ घालवू नका," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

शेजारीणच आली. भिंतीला भिंत लागून तिचं घर. बौद्ध आहेत, नवरा एसटीत होता. माझी बायको आणि ती एकमेकींच्या घरात न विचारता शिरायच्या. ती आली, सासूला घेऊन आली. मी दाराबाहेर उभा राहून मला ठाऊक होतं तेवढं सांगायला लागलो. तोंड झाका, उपडं करू नका, तीन बादल्या. तर आतून ती म्हणाली, "दादा, तुम्ही रडून राहिलाव अन् बोलून राहिलाव, एक शब्द कळंना. गप बसा. आमच्या आईला धुतलं तसं धुतो." पाणी हवं तेवढं होतं. पण घरात बादली एकच. तिनं तांब्यातांब्यानं ओतलं. मी दाराबाहेर ते ऐकत होतो. तांब्या बुडायचा, पाणी पडायचं, थांबायचं. पुन्हा बुडायचा.

गाडी करून लातूरला नेलं. शेजारीणही बसली गाडीत. "एवढ्या लांब ती एकटी बाई जात असती का पुरुषांत?" म्हणाली. ऊन मी म्हणत होतं. कब्रस्तानात सगळे उभे होते, मुकादम घड्याळ बघत होता. त्यानं मला विचारलं, "धुतलं का नीट?" मी म्हणालो, धुतलं. "कुणी?" मी शेजारणीकडं हात केला. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणजे यहुदी हात लागलाच न्हाई. असो. आता काय करणार, उरका."

शेजारणीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. ते मी बघितलं. मी त्याच्या अंगावर गेलो. आमच्यातला एक वायरमन आहे, आडदांड, त्यानं मला मागून मिठी घालून धरलं. "न्हाई काका, आज न्हाई, काकूंच्या पुढं न्हाई." माती झाली. सातव्या दिवशी जमातीकडून मलिदा आला, पोह्यांचा, खोबरं-साखर घातलेला. आमच्यात दुवा मागताना करतात तो. मी तो डबा न उघडता परत पाठवला. ते सात दिवस घरात चूल पेटवायची नसते. जेवलो ते शेजारणीच्या घरचं.

मग मी एक काम केलं. आमच्यातले एक रिटायर बँकवाले आहेत, पुरुषांना धुवायचं काम तेच बघतात, पुस्तकातलं म्हणतात. त्यांना फोन केला. म्हणालो, "आता पुरुष कुणी गेला की मला बोलवायचं."

"तुम्हाला? कधी केलंय का?"

"शिकवा."

"मोठं पुण्याचं काम असतं हे. जो गेला तो परतफेड करू शकत नाही, म्हणून..."

"पुण्य तुमचं तुम्ही ठेवा. तुमच्यावर भरवसा न्हाई म्हणून येतो."

हे असं होतं. लोक आता म्हणतात, काकांनी दुःख सेवेत घातलं. कुठून शिकतात असलं बोलायला! मी रागानं गेलो. तिला जे झालं ते ज्यांच्यामुळं झालं, त्यांच्या डोळ्यांपुढं प्रत्येक वेळी उभं राहायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. औशाच्या एका म्हाताऱ्याला धुतलं. त्याचा मुलगा परदेशातून फोनवर विचारत होता, "सगळं रीतीनं झालं ना?" जिवंतपणी बापाला पाणी द्यायला नव्हता, रीत विचारतो! मी बँकवाल्यांच्या हातातून फोन घेतला आणि त्याला हेच सांगितलं. त्यानं फोन कापला. उदगीरच्या एका लंगड्या माणसाला धुतलं. पाय आखडलेला, सरळ होईना. मी तसाच कुशीत धरून पुसला. हे काम हाताला बरं वाटतं. बरं वाटतं म्हणजे काय ते मला सांगता येत नाही. मेलेलं माणूस टोमणे मारत नाही, तेही असेल.

मुकादमाला मी त्या दिवसानंतर एक शब्द बोललो नाही. शनिवारी जायचो, कारण दहा भरत नव्हते आणि हिच्यासाठी म्हणायची प्रार्थनाही दहांशिवाय होत नाही. तोही मला बोलायचा नाही. पुस्तक उलटं असलं तरी बोलायचा नाही.

आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच गेला. सकाळी बँकवाल्यांचा फोन आला. मी चहा पीत होतो, तो पिऊन घेतला. कपडे बदलले. शेजारीण दारात होती, तिनं पिशवी बघितली.

"कुठं निघालाव?"

"लातूर. मुकादम गेला."

"अन् तुम्ही त्याला धुवायला चाललाव?"

"हाव."

"लाज न्हाई वाटत दादा?"

"वाटती."

"मग?"

"मग काय. तिघं लागतात. दोघंच हायेत."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. जोरात.

मुकादमाच्या घरी मागच्या बाजूला न्हाणी आहे. तिथं फळीवर ठेवला होता, चादर घालून. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, फळीवर फार लहान दिसत होता. मला त्याची दया वगैरे आली नाही. बादल्या तीन भरून ठेवल्या होत्या आणि कोमट पाण्याचं एक भगुनं. बँकवाल्यांनी आधीच सांगितलं, "पाणी जपून. टँकर उद्या यायचा आहे. घरात आता पिण्यापुरतंच राहिलंय."

आम्ही काम सुरू केलं. मी उजवी बाजू पुसली, वायरमननं डावी. नखं साफ केली. त्याच्या अंगठ्यावर कात्रीचा घट्टा होता, कापडवाल्यांना असतो तसा. मग धारेची वेळ आली. आमचं असं ठरलेलं आहे, पहिली बादली बँकवाल्यांची, दुसरी माझी, तिसरी वायरमनची. बँकवाले पुस्तक कठड्यावर उघडं ठेवतात, धार सोडताना त्यांचे डोळे पुस्तकात असतात. त्यांनी ओतायला सुरुवात केली, डोक्याकडून. मी माझी बादली उचलली. माझा उजवा खांदा रुळांच्या कामातला आहे, जुना झालाय, मधेच कळ येते. कळ आली. बादली छातीपर्यंत आली आणि अडकली. तेवढ्यात त्यांची धार संपली. शेवटचे थेंब पडले, फळी नुसती गळत राहिली, आणि मग माझं पाणी सुटलं.

चुटकी वाजवायला लागतो तेवढा वेळ. बँकवाल्यांचे डोळे पुस्तकात. वायरमन आपली बादली उचलायला खाली वाकलेला. कुणी बघितलं नाही. माझी संपत आली तशी वायरमननं आपली नीट लावली, ती पूर्ण झाली. बँकवाले म्हणाले, "झालं. शुद्ध झाला. पुसून घ्या."

मी रिकामी बादली धरून उभा राहिलो. मला काय वाटलं ते सांगतो. मला बरं वाटलं. जा आता, म्हटलं. तुलाही तुटलेलीच मिळाली. यहुदी हात लागले आणि तरी तुटलेलीच मिळाली. मी गप्प राहिलो असतो तर ते माझ्याशिवाय कुणालाही कधी कळलं नसतं. वायरमननं टॉवेल माझ्या हातात दिला. मी तो घेतला.

पण पुसायला हात जाईना. माझं म्हणणं काय होतं वर्षभर? हेच की तिला रीतीनं मिळालं नाही, हे वाईट झालं. आता इथं ते चालतं म्हणालो, तर तिथंही चाललंच की. मग मुकादम बरोबर होता. मग तो म्हणाला तसं, आता काय करणार, उरका. मला त्याला बरोबर ठरवायचं नव्हतं. मेल्यावर तर मुळीच नाही.

"धार तुटली," मी म्हणालो.

बँकवाल्यांनी वर बघितलं. "काय?"

"तुमची संपल्यावर माझी लागली. मधी तुटली. पुन्हा करावं लागंल."

"मला नाही दिसली तुटलेली."

"तुम्ही पुस्तकात होता."

वायरमन हळूच म्हणाला, "काका, जाऊ द्या ना. पाणी कुठाय?"

"आणायचं."

"कुठून आणायचं? अख्ख्या गल्लीत न्हाई!"

बँकवाले चिडले. आयुष्यात मी त्यांना चिडलेलं बघितलं नव्हतं. "तुम्हाला हे आज, याच माणसाच्या वेळेलाच सुचायचं होतं का? मुद्दाम करताय तुम्ही. मेलेल्याला तरी सोडा. बाहेर माणसं खोळंबलीत, ऊन वाढतंय..."

"मुद्दाम करायचं असतं तर गप बसलो असतो," मी म्हणालो. "अक्कल वापरा थोडी."

आमचा आवाज वाढला होता. असल्या जागी बोलायचंसुद्धा नसतं, आणि आम्ही बाजारासारखे भांडत होतो, तो मधे पडलेला. तेव्हा दाराच्या पलीकडून मुकादमाच्या बायकोचा आवाज आला. ती आत येऊ शकत नव्हती.

"काय झालंय?"

बँकवाले म्हणाले, "काही नाही वहिनी. धार तुटली म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

"नांदेडवाले."

ही बाई त्या शुक्रवारी शब्बाथच्या स्वयंपाकाला लागलेल्या बायांतली एक होती. तिच्या सासूला माझ्या बायकोनं धुतलं तेव्हा हिनंच बादल्या भरून दिल्या होत्या. धार म्हणजे काय, हे तिला आमच्या तिघांपेक्षा नीट ठाऊक होतं.

"स्वयंपाकघरात पिंप हाय," ती म्हणाली. "प्यायचं. घ्या ते."

"वहिनी, घरात पाहुणे आहेत, लेकरं आहेत..."

"घ्या म्हणलं ना! अन् तोंडं कमी चालवा, हात चालवा."

वायरमननं पिंपातून तीन बादल्या आणल्या. तळाचं पाणी काढायला त्याला पिंप तिरकं करावं लागलं, तो खरडल्याचा आवाज आम्हाला आत ऐकू आला. या वेळी मी बादली आधीच उचलून छातीशी धरून उभा राहिलो. खांद्यातून कळ जात होती, जाऊ दिली. बँकवाल्यांची धार अजून जाड होती तेव्हाच मी माझी सोडली, तिच्यावरच सोडली. माझ्यावर वायरमनची. पाणी त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत एकसारखं गेलं. कुठं थांबलं नाही.

पुसलं. पांढरे कपडे चढवले, बंदांना गाठी मारल्या नाहीत, ते नुसते गुंडाळले, आमच्यात तसंच असतं. आता शेवटचं एक राहिलं होतं. उचलायच्या आधी धुणाऱ्यांनी मेलेल्याची माफी मागायची असते. त्याचं नाव घ्यायचं, बापाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, आमच्या हातून तुझा काही अपमान झाला असेल तर माफ कर. बँकवाल्यांनी म्हटलं. वायरमननं म्हटलं. मग दोघं माझ्याकडं बघत राहिले.

मी त्याचं नाव घेतलं. बापाचं नाव बँकवाल्यांनी सांगितलं, मला ठाऊक नव्हतं. मग मी म्हणालो, "पहिली धार माझ्या हातून तुटली. तेवढ्याची माफी दे."

बँकवाल्यांनी विचारलं, "अजून काही?"

"न्हाई. तेवढीच. बाकीचं मिटलेलं न्हाई."

"ठीक आहे," ते म्हणाले. पुस्तक मिटलं. "उचला."

मी डोक्याकडची बाजू धरली. दार उघडलं तशी बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली, आणि आम्ही त्याला उन्हात बाहेर काढलं.